बताका

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
गुल बादशाहचं रेडिएटरचं गॅरेज.
इशाची नमाज झाली की शटर अर्धं खाली यायचं
आणि आत चौघे जण
बनियनने गिटारच्या तारा पुसत बसायचे,
कारण जुलैत तारांनाही घाम फुटतो.

बँडचं नाव बताका.
बताका म्हणजे लेबर कार्ड,
जे खिशात नसलं
तर खिसा घातलेला माणूसही नसतो.

गायचा इश्तियाक सरगुरोह, माझा मामेभाऊ.
गायचा कसला,
खेडच्या बोलीत ओरडायचा,
घशात बांगड्याचा काटा अडकल्यासारखा.
गिटारवर बिजोय, दिवसा क्रेनवर.
बासवर ओम्दुरमानचा मुझम्मिल, अनवाणी.
ड्रमवर रोडेल. त्याची एक झांज
म्हणजे भंगारातल्या निसानची व्हील कॅप.
मी सोळाचा. भिंतीला टेकून,
मांडीवर बापाचा टेपरेकॉर्डर.

सगळ्यांत मोठं गाणं दोन मिनिटांचं.
सगळ्यांत छोटं अडतीस सेकंदांचं,
त्यात दोनच शब्द: पासपोर्ट दे.
ते कधी कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

दुबईत होते तेव्हा दुसरे बँड.
हॉटेलांच्या तळघरांत, परवानगी काढून,
इंग्लिश शाळांतली पोरं, छातीवर कवट्या.
वाईट नव्हती. एकाने तर आम्हाला ॲम्प्लिफायर उसना दिला
आणि परत मागितला नाही.
एकदा बोलावलं त्यांनी. वेळ साडेपाचची,
लोक आठला येणार होते.
बताकाने नऊ मिनिटांत सहा गाणी उरकली.
वेटर टेबलं मांडत होते.
त्यांतल्या एकाने ट्रे खाली ठेवला
आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही.
एवढाच काय तो आमचा दुबईतला इतिहास.

मग रोडेलचा व्हिसा कॅन्सल झाला,
मंगळवारी. शुक्रवारी कार्यक्रम.
इश्तियाक म्हणाला, होऊ दे.
तेवीस लोक होते. ड्रमची जागा मोकळी.
पहिलं गाणं लंगडत निघालं
आणि मागून कुणीतरी
दुरुस्तीला आलेल्या कोरोलाच्या बॉनेटवर थाप मारली.
मग दुसऱ्याने. मग पाना, जॅक, रिकामा डबा.
गुल बादशाह स्वतः शटर बडवत होता,
त्याचंच शटर,
नातूर धावत येईपर्यंत.

ती रात्र माझ्याकडे आहे.
कोरी कॅसेट नव्हती.
इश्तियाकने खिशातून काढून दिली होती एक,
गावाहून आलेली, मामीच्या आवाजातली चिठ्ठी.
ह्याच्यावरच कर, म्हणाला, ऐकलीय मी.
अर्धीच ऐकली होती. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

परवा त्या काळच्या संगीतावरचं जाड पुस्तक चाळलं एका दुकानात.
गुळगुळीत कागद, सगळ्या कवट्या हजर.
बताका नाही.
एका फोटोच्या कडेला, कापला जाता जाता राहिलेला,
एक अनवाणी पाय आहे.
मुझम्मिलचा असेल. नसेलही.
किंमत बघून पुस्तक ठेवून दिलं.

इश्तियाक आता अजमानात शाळेची बस चालवतो.
आरशात बघून म्हणतो, पोरांनो, गोंगाट नको.
कॅसेटचं विचारलं तर म्हणाला, टाकून दे.
हसत म्हणाला. पण बसची चावी
स्टिअरिंगवर आपटत होता, चारात एक सोडून,
तीच चाल.

अकरा मिनिटं बताका वाजतो.
शेवटी नातूरची शिट्टी, शटर, कुणाचं तरी मोठ्याने हसणं,
खट्.
आणि मामी, वाक्याच्या मधूनच:
«...नि वरडू नको रं कुणावर तिकडं, परका मुलूख हाय.»

मग ती सांगते,
कोंबड्या किती होत्या, मुंगसाने किती नेल्या,
किती उरल्या,
त्यांतली कुठली खुडूक बसलीय.
मी शेवटपर्यंत ऐकतो.